‘मूळ’ आणि ‘अस्सल’ : जुन्या मोटारींच्या जीर्णोद्धारातील एक शब्दार्थविचार

१

जुन्या मोटारींच्या जीर्णोद्धाराचा प्रश्न भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने का चर्चावा, अशी शंका या पत्रिकेच्या वाचकांस येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, या क्षेत्रात दीर्घकाळ चालत आलेला मुख्य वाद वरवर पाहता पत्र्याचा, लाकडाचा आणि रंगाचा वाटला, तरी तो बऱ्याच अंशी एका विशेषणाच्या अर्थाचा वाद आहे. ते विशेषण म्हणजे ‘मूळ’, इंग्रजीत ‘ओरिजिनल’.

प्रश्न थोडक्यात असा. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची एखादी गाडी कारागिराकडे येते. इंजिन चालू होण्याजोगे आहे, पण बॉडी गंजली आहे. दारांच्या खालच्या कडा हाताने दाबल्या तरी तुटतात. कारागिरापुढे दोन मार्ग असतात. कुजलेला भाग तेवढा कापून काढावा, तेथे नव्या पत्र्याचे ठिगळ जोडावे आणि उरलेला जुना पत्रा जिवापाड सांभाळावा, हा पहिला. जुनी बॉडी उतरवून तिच्याच मापाची नवी बॉडी चढवावी, हा दुसरा. पहिल्यास वेळ फार लागतो, कसब अधिक लागते आणि फळ डोळ्यांत भरत नाही. दुसऱ्याने गाडी झळाळून उठते. पुढे कधीतरी ती विक्रीस निघते, प्रदर्शनात उभी राहते किंवा नोंदणीसाठी अधिकाऱ्यापुढे जाते, आणि तेथे एकच प्रश्न विचारला जातो : ही गाडी मूळची आहे काय?

हा प्रश्न वस्तुस्थितीविषयीचा आहे, असे विचारणाऱ्यास वाटते. गाडीची काटेकोर तपासणी केली की उत्तर मिळेल, अशी त्याची समजूत असते. परंतु गाडीतील प्रत्येक खिळ्याची जन्मतारीख कळली, तरीही दोन जाणकार दोन उत्तरे देऊ शकतात, असा अनुभव आहे. माहिती पूर्ण असूनही मतभेद उरतो, तेव्हा त्याचे मूळ वस्तूत नसून शब्दात असते. हा शब्द कोठे फसवतो आणि त्या फसवणुकीने काय गमावले जाते, हे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम मोटारीच्या रचनेविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण ‘बॉडी बदलली’ या वाक्याचा अर्थ सर्व गाड्यांच्या बाबतीत एक नाही.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अनेक उंची गाड्या दोन निरनिराळ्या कारखान्यांत जन्म घेत. रोल्स-रॉइस किंवा बेंटली ही कंपनी चॅसिस, म्हणजे सांगाडा, इंजिन, चाके आणि सुकाणू एवढेच विकीत असे. गिऱ्हाईक तो सांगाडा हूपर, बार्कर, पार्क वॉर्ड किंवा व्हँडन प्लास यांसारख्या बॉडी बांधणाऱ्या पेढीकडे पाठवी आणि आपल्या आवडीप्रमाणे त्यावर बॉडी चढवून घेई. या बॉडीचा आतला साटा बहुधा ॲश नावाच्या लाकडाचा असे व त्यावर अल्युमिनियमचा किंवा पोलादाचा पत्रा हाताने ठोकून बसवलेला असे. बॉडी आणि सांगाडा यांचा संबंध अंगरखा आणि अंग यांच्यासारखा होता. अंगरखा जुना झाला, फॅशन बदलली किंवा मालक बदलला, की त्याच सांगाड्यावर नवी बॉडी चढवण्याची चाल त्या काळीही होती.

याउलट दुसरी रचना. इटलीतील लॅन्शिया लाम्ब्दा या १९२२ च्या गाडीत आणि फ्रान्समधील सित्रोएनच्या १९३४ च्या ‘त्राक्सिओं आव्हां’ या गाडीत वेगळा सांगाडा ठेवलाच नव्हता; बॉडी हाच भार पेलणारा सांगाडा होता. युद्धोत्तर काळात हीच पद्धत सर्वत्र रूढ झाली. आपल्याकडे मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशके टॅक्सी म्हणून धावलेली प्रीमियर पद्मिनी याच जातीची. येथे अंगरख्याची उपमा लागू पडत नाही. येथे बॉडी बदलणे म्हणजे अस्थी आणि त्वचा एकदमच बदलणे होय.

ब्रिटनमधील एमजीबी या गाडीचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. ही गाडी १९६२ ते १९८० या काळात तयार झाली. तिच्या बॉडीला गंज सहज लागे. १९८८ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने कारखान्याचे जुने साचे जमवून त्यांतून या गाडीची संपूर्ण बॉडी पुन्हा दाबून काढण्यास आरंभ केला. साचा तोच, माप तेच. पत्रा मात्र नवा. अशी बॉडी बसवलेली १९६५ ची एमजीबी १९६५ ची राहते काय? साचा महत्त्वाचा मानणारा ‘होय’ म्हणेल. पत्रा महत्त्वाचा मानणारा ‘नाही’ म्हणेल. दोघांपैकी कोणाचीही माहिती चुकीची नाही.

३

नवी बॉडी चढवल्याने नेमके काय जाते, हेही पाहिले पाहिजे. अन्यथा हा वाद केवळ हौशी लोकांच्या हट्टाचा वाटेल.

जुना पत्रा हा पुरावा असतो. बॉडी बांधणाऱ्या अनेक पेढ्या आपला क्रमांक लाकडी साट्यावर आणि पत्र्याच्या आतल्या अंगावर उमटवीत. त्या क्रमांकांवरून दार, बॉनेट व मडगार्ड एकाच बॉडीचे आहेत की वेगवेगळ्या गाड्यांतून आणलेले आहेत, हे कळते. रंगाचे थर एकाखाली एक असतात. ते खरवडून पाहिले की गाडीचा पहिला रंग, दुसरा रंग आणि अपघातानंतरची दुरुस्ती यांचा क्रम लागतो. हाताने ठोकलेल्या बॉडीची डावी व उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते. कारागिराचा हात, त्याची हत्यारे आणि त्या दिवशीची घाई यांची खूण त्या असमानतेत राहिलेली असते. आजच्या यंत्राने कापलेल्या व आकार दिलेल्या पत्र्यात दोन्ही बाजू समान येतात. गाडी ‘सुधारते’, पण साक्ष नाहीशी होते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. जुने द्रव्य नेहमी टिकवता येतेच असे नाही. ॲशचा साटा आतून कुजला, तर त्यावर कितीही लेप दिला तरी खिळा धरत नाही. मिलानच्या ‘टूरिंग’ या पेढीच्या ‘सुपरलेज्जेरा’ पद्धतीत पोलादाच्या बारीक नळ्यांच्या जाळीवर अल्युमिनियमचा पत्रा असतो. ॲस्टन मार्टिन डीबी-४ ही गाडी या पद्धतीची. दोन धातू जेथे एकमेकांस टेकतात, तेथे ओलाव्याने विद्युत्-रासायनिक क्षरण सुरू होते. म्हणजे या गाडीच्या नाशाचे कारण तिच्या रचनेतच आहे. ते जसेच्या तसे राखणे म्हणजे नाश राखणे. शिवाय गाडी ही चालण्यासाठी असते. भार पेलणाऱ्या भागास गंज असताना ‘मूळ द्रव्य’ म्हणून तो तसाच ठेवून ती रस्त्यावर आणणे हे मालकाच्या आणि इतरांच्याही जिवाशी खेळणे होय.

तेव्हा बॉडी बदलणे हा स्वतः दोष नव्हे. दोष घडतो तो वेगळ्याच ठिकाणी. त्याचे ठळक उदाहरण १९२० च्या दशकातील बेंटली गाड्यांचे. त्या काळच्या कित्येक बेंटलींवर बंद सलून पद्धतीच्या, घरगुती उपयोगाच्या बॉडी होत्या. पुढे ल मां येथील शर्यतीत विजयी झालेल्या उघड्या बेंटलींची कीर्ती वाढली व बाजारात त्या रूपास भाव आला. परिणामी अनेक सुस्थितीतील सलून बॉडी उतरवून फेकून देण्यात आल्या आणि त्यांच्या जागी व्हँडन प्लासच्या धर्तीच्या उघड्या बॉडी बसवण्यात आल्या. येथे जे होते ते काढून जे नव्हतेच ते बसवले. आणि तरी पाहणाऱ्याच्या दृष्टीस ती गाडी अधिकच ‘मूळची’ दिसू लागली. हीच या शब्दाची फसवणूक. तिच्यापायी त्या पिढीतील बेंटली बाळगणारी कुटुंबे कशा गाडीतून फिरत, याचा पुरावाच विरळ झाला.

४

‘मूळ’ या शब्दाचा निवाडा एकदा प्रत्यक्ष न्यायालयात करावा लागला. १९९० सालचा हा खटला अर्थविचाराच्या अभ्यासकाने अवश्य पाहावा असा आहे.

‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ओळखली जाणारी बेंटली स्पीड सिक्स ही गाडी १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षे ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत पहिली आली. पहिल्या वर्षी वुल्फ बर्नाटो व सर हेन्री बर्किन, तर दुसऱ्या वर्षी बर्नाटो व ग्लेन किडस्टन हे तिचे चालक होते. शर्यतीची गाडी एका रूपात राहत नाही. प्रत्येक हंगामात तिचे भाग बदलत गेले. १९३२ मध्ये तिच्यात आठ लिटरचे इंजिन बसवण्यात आले. त्याच वर्षी ब्रुकलँड्स येथील पाचशे मैलांच्या शर्यतीत ती धावपट्टीच्या चढावरून बाहेर फेकली गेली व चालक क्लाइव्ह डन्फी याचा मृत्यू झाला. त्यानंतर गाडीची पुन्हा बांधणी होऊन तिच्यावर रस्त्यावर वापरण्याजोगी बंद कूपे बॉडी चढली. आणि आणखी काही दशकांनी ती बॉडी जाऊन शर्यतीच्या काळातील रूपाची बॉडी आली.

१९९० मध्ये ही गाडी एक कोटी पौंडांस विकण्याचा करार झाला. मिडलब्रिज या खरेदीदार कंपनीने पुढे पैसे देण्याचे नाकारले. ही ‘ओल्ड नंबर वन’ नव्हेच, असा तिचा युक्तिवाद होता. इंग्लंडच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या. १९२९ साली शर्यत जिंकणाऱ्या गाडीचे जवळजवळ काहीच द्रव्य उरले नसल्याचे निष्पन्न झाले. एवढ्यावरून निकाल खरेदीदाराच्या बाजूने लागेल, असे वाटणे साहजिक होते. तसे झाले नाही.

न्यायमूर्तींनी विशेषणे एकेक करून तपासली. ही गाडी ‘ओरिजिनल’ म्हणता येणार नाही, असे त्यांनी ठरवले, कारण ती १९२९-३० च्या रूपात अस्पर्श राहिलेली नव्हती. पण ती निव्वळ ‘पुनर्रचना’ आहे, हेही त्यांनी अमान्य केले, कारण गाडी नाहीशी होऊन पुन्हा निर्माण झाली, असा क्षण तिच्या इतिहासात कोठेही आढळत नव्हता. जे बदल झाले ते चालत्या गाडीत, एकामागून एक झाले. आणि या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी कोणतीही गाडी अस्तित्वात नव्हती. राहिली ‘ऑथेंटिक’ आणि ‘जेन्युइन’ ही दोन विशेषणे. त्यांतील भेद पाहण्यासाठी न्यायमूर्तींनी शब्दकोश उघडला, तेव्हा एकाचा अर्थ दुसऱ्याने सांगितलेला आढळला. शेवटी गाडी ‘ऑथेंटिक’ ठरली आणि करार कायम झाला.

एक कोटी पौंडांचा प्रश्न शब्दकोशातील चक्रक व्याख्येपाशी येऊन थांबावा, यात विनोद नाही. विशेषणांची अशी वर्गवारी करण्याखेरीज न्यायालयास गत्यंतरच नव्हते. तपासणीने जे कळायचे ते कळून चुकले होते. आता त्या माहितीस कोणते नाव द्यावयाचे, एवढेच उरले होते.

५

हा निकाल मराठीत सांगावयाचा झाल्यास तो आश्चर्यकारक सहजतेने सांगता येतो : ती गाडी मूळ नव्हे, पण अस्सल आहे. हे वाक्य मराठी कानास विसंगत वाटत नाही. याचा अर्थ आपल्या भाषेत या दोन शब्दांची क्षेत्रे बरीचशी वेगळी राहिली आहेत.

व्युत्पत्तीने पाहता दोघांत काहीच अंतर नाही. संस्कृत ‘मूल’ म्हणजे झाडाचे मूळ. अरबी ‘अस्ल’ म्हणजेही मूळच. परंतु एकाच अर्थाचे दोन शब्द भाषेत आले की कालांतराने ते कामाची वाटणी करून घेतात. आपण ‘मूळ गाव’, ‘मूळ किंमत’, ‘मूळ संहिता’ म्हणतो. येथे काळाने आधीचे असणे विवक्षित आहे. याच्या उलट बाजूस ‘नंतरचे’, ‘बदललेले’, ‘वाढीव’, ‘भाषांतरित’ हे शब्द उभे राहतात. ‘अस्सल तूप’, ‘अस्सल कोल्हापुरी चप्पल’ असे म्हणताना मात्र काळाचा संबंध नसतो. काल कढवलेले तूपही अस्सल असते. याच्या उलट बाजूस ‘नकली’, ‘भेसळीचे’, ‘बनावट’ हे शब्द येतात. जुन्या दफ्तरांत ‘अस्सल’ आणि ‘नक्कल’ ही जोडी कागदाच्या अधिकाराविषयीची आहे : शिक्कामोर्तब झालेला तो अस्सल, त्यावरून उतरवलेली ती नक्कल.

आपल्या गॅरेजांतील आणि सुट्या भागांच्या दुकानांतील बोली याहून पुढे गेली आहे. तेथे ‘ओरिजिनल पार्ट’ म्हणजे मूळ कंपनीने बनवलेला भाग, मग तो आज सकाळी खोक्यातून काढलेला का असेना. त्याचा विरुद्धार्थी शब्द ‘डुप्लिकेट’. म्हणजे इंग्रजीतून उसना घेतलेला ‘ओरिजिनल’ हा शब्द मराठी बाजारात ‘मूळ’ या जागी न बसता ‘अस्सल’ या जागी बसला. गाडीची खरेदी-विक्री करणारे लोक मात्र तोच शब्द ‘जन्मतः गाडीबरोबर आलेला’ या अर्थी वापरतात. एकाच गाडीविषयी मिस्त्री आणि गिऱ्हाईक ‘ओरिजिनल’ म्हणतात, दोघेही प्रामाणिक असतात, आणि व्यवहार झाल्यावर भांडण होते.

आता ‘मूळ’ या शब्दाकडेच नीट पाहू. संस्कृत वैयाकरणांनी ‘संबंधिशब्द’ असा एक वर्ग मानला आहे. ‘माता’, ‘पुत्र’ हे त्याचे दाखले. ‘ती माता आहे’ एवढे म्हटल्याने अर्थ पुरा होत नाही. ‘कोणाची’ ही आकांक्षा उरते. ‘मूळ’ हा असाच आकांक्षा ठेवणारा शब्द आहे, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे. त्यास दोन आकांक्षा आहेत : काय मूळचे, आणि केव्हाचे मूळचे. नित्याच्या व्यवहारात त्या आपोआप पुऱ्या होतात, म्हणून त्या आपणांस जाणवत नाहीत. मोटारीच्या बाबतीत त्या पुऱ्या होत नाहीत, आणि तरी शब्द मात्र पुरा असल्यासारखा वापरला जातो.

‘काय मूळचे’ या प्रश्नास निदान चार उत्तरे संभवतात. द्रव्य मूळचे असेल : तोच पत्रा, तेच लाकूड. आकृती मूळची असेल : तेच माप, तीच वळणे. सातत्य मूळचे असेल : गाडी कधी नाहीशी न होता हाती आलेली. किंवा नाम मूळचे असेल : तोच सांगाड्याचा क्रमांक, तीच नोंदणी. घरातील खुर्चीच्या बाबतीत ही चारही एकत्र नांदतात, म्हणून त्यांस एक शब्द पुरतो. बॉडी बदलली की ती एकमेकांपासून सुटतात.

हा प्रश्न आपल्या परंपरेस अपरिचित नाही. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच्या आह्निकात सोन्याचा दृष्टांत दिला आहे. सोन्याचा गोळा मोडून अलंकार होतात, ते मोडून दुसरे होतात. आकृती पालटते, द्रव्य तेच राहते. मोटारीत घडते ते नेमके याच्या उलट : द्रव्य पालटते, आकृती तीच राहते. परंतु त्याच चर्चेत पतंजली नित्यत्वाची दुसरीही व्याख्या मान्य करतो. तिच्यानुसार ज्यात वस्तूचे तत्त्व नष्ट होत नाही तेही नित्यच. न्यायमूर्ती ऑटन यांचा निकाल या दुसऱ्या व्याख्येच्या जवळ जातो, असे म्हणता येईल. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन राजास विचारतो की, दांडी म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय. आणि ‘रथ’ हे केवळ व्यवहारापुरते नाव आहे, असे दाखवून देतो. चारांपैकी चौथे उत्तर, म्हणजे नाम, हे त्याच्या बाजूचे आहे.

६

या चार उत्तरांपैकी कोणते ग्राह्य, हे निरनिराळ्या संस्थांनी निरनिराळ्या प्रकारे ठरवले आहे. त्यांचे नियम म्हणजे एका अर्थी ‘मूळ’ या शब्दाचे लहानलहान कोशच होत.

ब्रिटनच्या वाहननोंदणी खात्याने बदल केलेल्या गाड्यांसाठी दीर्घकाळ एक गुणपद्धती वापरली. गाडीस आपला जुना नोंदणी क्रमांक राखावयाचा असेल, तर तिला आठ गुण मिळाले पाहिजेत. सांगाड्यास किंवा भार पेलणाऱ्या बॉडीस पाच गुण; चाकांवरील झुलती मांडणी, आस, गिअरची यंत्रणा व सुकाणू यांस प्रत्येकी दोन; इंजिनास एक. यात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. एक, सांगाड्यावर वेगळी चढवलेली बॉडी असेल, तर तिला एकही गुण नाही. हूपरच्या हातची बॉडी गेली काय आणि राहिली काय, या कोशास फरक पडत नाही. दोन, निर्मात्याकडून थेट आणलेला नवा सांगाडा हा जुन्याच्या बरोबरीचा धरला आहे. आपल्या बाजारातील ‘ओरिजिनल पार्ट’ची कल्पना ती हीच.

भारतात २०२१ च्या जुलै महिन्यात केंद्रीय मोटारवाहन नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी तरतूद झाली. पन्नास वर्षांहून जुने दुचाकी वा चारचाकी वाहन या वर्गात येऊ शकते. त्याच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अट अशी की, वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. ब्रिटिश कोशाने जी बॉडी वगळली, ती येथे स्पष्टपणे आली आहे. परंतु ‘मूळ स्वरूप’ या शब्दात स्वरूप, म्हणजे आकृती, मुख्य आहे. आणि फेरफार ‘मोठा’ केव्हा होतो, हे त्या विशेषणाने सांगितलेले नाही. कोल्हापूर, बडोदे, ग्वाल्हेर अशा संस्थानांतील गाड्या ज्यांच्याकडे आल्या आहेत, त्यांच्यापुढे हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. लाकडी साटा बदलून तोच पत्रा परत चढवला, तर तो मोठा फेरफार काय?

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे ‘फिव्हा’ने, २०१२ मध्ये मान्य केलेली ट्युरिनची सनद द्रव्य आणि सातत्य यांच्या बाजूची आहे. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिसच्या सनदेवर तिची उभारणी आहे. जतन, संवर्धन, जीर्णोद्धार आणि पुनर्रचना यांत ती भेद करते. हस्तक्षेप कमीत कमी असावा असे सांगते. आणि नव्याने बनवून बसवलेल्या भागावर सहज नजरेस न येणारी, पण कायमची खूण करावी, असे सुचवते.

नाम एकटेच उरले म्हणजे काय होते, याचे उदाहरण जग्वार कंपनीने दिले. १९६३ मध्ये वजनाने हलक्या अशा अठरा ई-टाइप गाड्यांसाठी सांगाड्यांचे क्रमांक राखून ठेवले गेले, पण बारा गाड्याच बांधल्या गेल्या. २०१४ मध्ये कंपनीने उरलेले सहा क्रमांक वापरून सहा गाड्या बांधावयास घेतल्या. म्हणजे पन्नास वर्षे वाच्यार्थावाचून राहिलेल्या नावांस वस्तू मिळाली. त्या अस्सल आहेत. कंपनीचा अधिकार त्यांच्यामागे आहे. त्या १९६३ च्या आहेत, असे मात्र कोणी म्हणणार नाही.

‘केव्हाचे मूळचे’ ही दुसरी आकांक्षा अमेरिकेतील पेबल बीच येथील प्रदर्शनात दिसून आली. तेथे २००१ पासून जीर्णोद्धार न केलेल्या, जशाच्या तशा राखलेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग आहे. २०२४ मध्ये त्या वर्गातील गाडीस प्रथमच सर्वोच्च पारितोषिक मिळाले. ती १९३४ ची बुगाती टाइप ५९. ही गाडी ग्रां प्री शर्यतींसाठी बांधली गेली. नंतर कारखान्यानेच तिची स्पोर्ट्स गाडी केली. मग ती बेल्जियमचे राजे तिसरे लेओपोल्ड यांच्याकडे गेली आणि तिला काळा रंग व पिवळा पट्टा मिळाला. आज ती त्याच रंगात आहे. म्हणजे जिला सारे जग अस्पर्श मानते, ती गाडीही १९३४ च्या रूपात नाही. तिला परत शर्यतीच्या रूपात नेणे शक्य झाले असते. पण तसे केले असते तर राजाकडील तिचे आयुष्य पुसले गेले असते. एका काळचे मूळ परत आणावयाचे म्हणजे दुसऱ्या काळचे मूळ मोडावयाचे, असा हा पेच आहे.

७

हा पेच मोटारींच्या लोकांस नवा असला, तरी आपणांस, म्हणजे भाषेच्या आणि संहितांच्या अभ्यासकांस, तो चांगला परिचित आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती घ्या. व्यासांची मूळ संहिता आपण देत आहोत, असा दावा डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जेथवर मागे जाता येते, तेथवरचा पाठ त्यांनी दिला. जेथे पाठ निःसंशय नव्हता तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ दिली. जे श्लोक मुख्य संहितेतून काढले ते फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत व परिशिष्टांत जपले. तुलनात्मक भाषाशास्त्रातही हीच शिस्त आहे. जे रूप कोणत्याही लेखात आढळत नाही, केवळ अनुमानाने सिद्ध केले आहे, त्याच्या आधी आपण तारका लावतो. तारका लावलेले रूप खोटे नसते; ते अनुमित असते. तारका पुसली की मात्र ते खोटे होते.

जीर्णोद्धाराच्या वादात नेमकी हीच शिस्त हवी आहे. नवा पत्रा ही तारका लावण्याजोगी गोष्ट आहे. ट्युरिनच्या सनदेने सुचवलेली कायमची खूण म्हणजे सुखटणकरांची नागमोडी रेघच होय. उतरवलेली जुनी बॉडी, मग ती कितीही मोडकी असो, जपून ठेवणे म्हणजे परिशिष्ट राखणे होय; आणि गाडीबरोबर राहणारी दुरुस्तीची वही, छायाचित्रांसह, ही तिची पाठभेदसूची. या तीन गोष्टी असतील, तर बॉडी बदलणाऱ्याने इतिहासास काही अपाय केला, असे म्हणता येणार नाही. पुढचा अभ्यासक त्याचा निर्णय तपासू शकेल आणि वाटल्यास फिरवू शकेल. या तीन गोष्टी नसतील, तर अत्यंत कुशल हातांनी केलेले कामही प्रक्षेपासारखे संहितेत मिसळून जाते आणि पुढे कोणासही वेगळे काढता येत नाही.

येथे कोणी असे म्हणेल की, एवढा काटेकोरपणा ग्रंथांस शोभतो. मोटार ही शेवटी विकण्याची वस्तू. परंतु विकण्याची वस्तू आहे म्हणूनच वर्णनाची जबाबदारी अधिक. ‘मूळ गाडी’ हे वर्णन कायद्यास, खरेदीदारास आणि इतिहासास एकाच वेळी अपुरे पडते. त्याऐवजी ‘सांगाडा व इंजिन १९२८ चे, बॉडी त्याच धर्तीची, १९७४ मध्ये नवी बांधलेली, उतरवलेली सलून बॉडी उपलब्ध नाही’ असे वर्णन करण्यास दोन ओळी अधिक लागतात. त्यातील शेवटचा खंड लिहिताना विक्रेत्याचा हात अडखळेल, हे खरे. पण नेमक्या त्याच खंडासाठी हा सारा विचार करावयाचा आहे. ‘मूळ’ या शब्दास काय आणि केव्हाचे, हे दोन प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर पुष्कळ वाद उद्भवणारच नाहीत. आणि जे उरतील ते निदान पत्र्याविषयीचे खरेखुरे वाद असतील.